मुलांसाठी घरच्या घरी पॉलिमरचे प्रयोग – मापं, कृती आणि फसण्याची कारणं

परीक्षानळी

सुट्ट्या लागल्या की ‘स्लाइम कसा करायचा’ हा प्रश्न इथे दरवर्षी येतो. उत्तरात मिळणाऱ्या बहुतेक कृती ‘थोडा गोंद, थोडं बोरॅक्स, चिमूटभर सोडा’ अशा असतात. त्यातून स्लाइम कधी जमतो, कधी नाही, आणि का नाही जमला ते मुलांना कळतच नाही. म्हणून हा धागा मापांसकट. ज्यांनी हे प्रयोग नीट करून पाहिलेत त्यांनी भर घालावी. फक्त प्रमाण लिहा आणि काय बिघडतं तेही लिहा, एवढीच विनंती.

आधी मुलांना सांगायची कल्पना. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकामागे एक ओवून झालेली लांब माळ. शिजवलेल्या शेवया ताटात घ्या. त्या एकमेकींवरून घसरतात आणि एक ओढली तर एकटी निघून येते. आता मधे मधे दोन-दोन शेवयांना गाठ मारली अशी कल्पना करा. एक ओढली की अख्खा पुंजका उचलला जाईल. गोंदातल्या माळा म्हणजे मोकळ्या शेवया आणि टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, हा गाठ मारणारा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० साली असे लांब साखळीचे रेणू असतात असं मांडलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. १९५३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

स्लाइम

द्रावण अ: शाळेच्या हस्तकलेला वापरतात तो पांढरा गोंद (फेविकॉल एमआर किंवा तसाच) ५० मिली आणि साधं पाणी ५० मिली. एकजीव होईपर्यंत ढवळा. त्यात पाव चमचा हळद घाला. हळद का, ते पुढे येईल.

द्रावण ब: टाकणखार ४ ग्रॅम, गरम पाणी १०० मिली. पूर्ण विरघळवून गार करा. हे काम मोठ्यांनीच करायचं. टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. खडे असतील तर आधी बारीक करून घ्या. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात तो साधारण ५ ग्रॅमच विरघळतो, त्यामुळे जास्त घालून काही मिळत नाही, तळाशी बसतो इतकंच.

आता अ मध्ये ब एकदम ओतू नका. ५ मिली घाला आणि २० सेकंद ढवळा, मग पुढचे ५ मिली. पहिल्या खेपेला दोरे दिसू लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला भांड्याच्या कडा सुटतात. साधारण १५ ते २५ मिलीमध्ये काम होतं. गोळा हातात घेऊन दोन-तीन मिनिटं मळा, कारण सुरुवातीला तो चिकट आणि पाणचट वाटतोच. त्या क्षणी आणखी ब ओतणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मळताना आतलं द्रावण सगळीकडे पोचतं आणि चिकटपणा आपोआप जातो.

ब जास्त झालं की गाठी जास्त होतात, स्लाइम रबरासारखा होऊन तुटतो आणि बाजूला पाणी सुटतं. तेव्हा अ द्रावणाचे दोन चमचे घालून मळा.

आता खरा प्रयोग: गाठी सोडवणे

इथपर्यंत झाली ती पाककृती. पुढचं सहसा कोणी करत नाही आणि शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे.

हळद घातलेलं अ द्रावण पिवळं असतं. टाकणखाराचं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण ९.२. अल्कधर्मी पाण्यात हळद लाल होते, त्यामुळे ब घातलं की गोळा नारिंगी-तांबूस होतो. आता त्यातला सुपारीएवढा, साधारण २० ग्रॅमचा तुकडा वाटीत घ्या आणि ५ मिली व्हिनेगर घालून चमच्याने चेचत राहा. मिनिटा-दोन मिनिटांत तांबूस रंग कडेकडून पिवळा पडत जातो. जिथे पिवळा होतो तिथे गोळा विरघळल्यासारखा ओघळू लागतो. मुलाला चमचा उचलून धार बघायला सांगा. मघाशी चमच्याला लटकणारा गोळा आता कढीसारखा वाहतो.

कारण असं की गाठ मारण्याचं काम टाकणखारातला बोरेट आयन (भारित कण) करतो. आम्ल घातलं की त्याचं बोरिक आम्ल होतं आणि गाठ सुटते. माळा जागेवरच असतात. म्हणून आता पाव चमचा खाण्याचा सोडा घालून ढवळा. फसफसतं, बुडबुडे अडकून गोळा फुगतो आणि पुन्हा घट्ट होतो. रंग मात्र पहिल्याइतका लाल होत नाही, कारण खाण्याचा सोडा टाकणखारापेक्षा सौम्य आहे.

मोजणी करायची तर पाच वाट्यांत अ चे २०-२० मिली घ्या. ब अनुक्रमे १, २, ३, ४, ५ मिली घाला आणि प्रत्येक वाटी तितकाच वेळ मळा. प्रत्येकाचा सारख्या वजनाचा गोळा टेबलाच्या कडेला चिकटवून ३० सेकंदांत किती सेंटिमीटर लोंबतो ते पट्टीने मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मुलांच्या एकदा अंगवळणी पडलं की पुढचे सगळे प्रयोग ती आपणहून आखतात.

---

मापचमचा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. फक्त ‘चमचा’ या शब्दाबद्दल लिहितो, कारण निम्मे प्रयोग तिथेच फसतात. घरातला चहाचा चमचा ३ ते ५ मिली भरतो, पोह्यांचा त्याहून बराच मोठा. शिग घेतली की माप आणखी वाढतं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या ५ आणि १० मिलीच्या सिरिंज आणा, काही रुपयांत मिळतात. खोकल्याच्या औषधावरचं मापाचं झाकणही चालतं. कोरड्या वस्तूंसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा मिळाला तर फारच चांगलं. नसेल तर ५ मिलीचा सपाट चमचा म्हणजे टाकणखाराची पूड साधारण ४ ते ५ ग्रॅम धरा.

प्रत्येक पेल्यावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर काय आणि किती ते आधी लिहायचं, मगच ओतायचं. टाकणखार, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि मीठ, चारही पांढऱ्या पुडी आहेत. नजरेने ओळखायच्या भानगडीत पडू नका.

---

गोकर्ण

कॅरमची पावडर टाकणखाराऐवजी चालते असं ऐकलं आहे. आणि दुसरं, टाकणखार तर आयुर्वेदात पोटातही देतात, मग लहान मुलांनी हाताळायला काय हरकत आहे?

---

परीक्षानळी

गोकर्ण, पहिला प्रश्न आधी. कॅरमच्या ज्या पावडरीवर ‘बोरिक’ लिहिलेलं असतं ती बोरिक आम्ल असते, टाकणखार नव्हे. वर लिहिलंय तसं बोरिक आम्ल गाठ मारत नाही. त्याला अल्कधर्मी करावं लागतं. २ ग्रॅम बोरिक पावडर, ४ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि १०० मिली गरम पाणी असं ब द्रावण करा. टाकणखारापेक्षा थोडं जास्त लागतं, पण जमतं. नुसती बोरिक पावडर घातली तर गोंद पातळच राहतो, आणि ‘पावडर खराब निघाली’ असं वाटतं. हाही एक प्रयोगच आहे: दोन वाट्या, एकीत सोडा आणि दुसरीत नाही. बोरिक न लिहिलेल्या कॅरम पावडरी स्टार्चच्या वगैरेही असतात, त्यांचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र स्पष्ट असहमत आहे. वैद्याने शुद्ध करून, मोजून दिलेली मात्रा वेगळी आणि मुलाच्या बोटांवरून तोंडात जाणारं अनमोजलं वेगळं. बाळाच्या हिरड्यांना किंवा चोखणीला टाकणखार-मध लावल्यामुळे आकडी येण्याइतकी विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे नियम असे: पाच वर्षांखालच्या मुलांना टाकणखाराचा स्लाइम नाही. हाताला जखम किंवा चिरा असतील तर नाही. प्रयोगाची भांडी वेगळी, ती परत ओट्यावर येणार नाहीत. खेळून झालं की साबणाने हात धुवायचे. डबीवर नाव लिहून ती उंचावर ठेवायची.

---

दूरदेशी

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. इथे दुकानात बोरॅक्स विकत मिळत नाही. त्याच्याजागी ‘बोरॅक्स सब्स्टिट्यूट’ नावाचं पाकीट मिळतं. त्यात सोडियम सेस्क्विकार्बोनेट असतं, म्हणजे धुण्याच्या सोड्याचं भावंड. त्यात बोरॉनच (बोरेट ज्यापासून होतं ते मूलद्रव्य) नाही, त्यामुळे कितीही घातलं तरी स्लाइम होणार नाही.

पर्याय म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावण. बाटलीवरच्या घटकांत बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट यांपैकी काहीतरी असलं पाहिजे. नुसतं मिठाचं सलाइन चालत नाही. १०० मिली गोंदात अर्धा चमचा खाण्याचा सोडा नीट मिसळा, मग हे द्रावण ५-५ मिली करत २० मिलीपर्यंत घाला. यात बोरेट फार कमी असतं, म्हणून गोंदात पाणी घालू नका, नाहीतर पातळ राहतं. अमेरिकेत कपडे धुण्याच्या सामानात बोरॅक्सचा खोका सरळ मिळतो.

---

खटपट

पाच वर्षांखालच्यांसाठी इसबगोल. बोरॅक्स नको, गोंद नको. १ सपाट चमचा इसबगोलाचा भुसा, २४० मिली पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत ८ ते १० मिनिटं उकळा. उतू यायला लागलं की उचलायचं, बसलं की परत ठेवायचं. जितका वेळ आटवाल तितकं रबरी. पूर्ण गार झाल्यावरच मुलांच्या हातात द्या, कारण वरून गार लागलं तरी गोळ्याच्या आत बराच वेळ चटका बसेल एवढी उष्णता असते.

आणि ज्यांना टाकणखार वापरायचाय पण गोंद नकोय त्यांच्यासाठी गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. आइस्क्रीमचं सामान विकणारे ठेवतात. १ ग्रॅम गवार गम १०० मिली पाण्यात, वरचंच ब द्रावण १० ते १५ मिली. यात गुठळ्या फार होतात. पूड पाण्यावर भुरभुरली की दाण्याचा बाहेरचा थर लगेच फुगतो आणि आत कोरडं राहतं. आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये पूड कालवा, मग ढवळत ढवळत पाणी घाला आणि दहा मिनिटं ठेवा. १९७६ मध्ये मॅटेल कंपनीने अमेरिकेत डबीतून विकलेला हिरवा स्लाइम याच गवार गम आणि बोरॅक्सचा होता.

---

चिकवडी

स्टार्चचं प्लास्टिक अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, पाणी ८० मिली, व्हिनेगर ५ मिली, ग्लिसरीन ५ मिली (औषधाच्या दुकानातलं). सगळं गार असतानाच मिसळून गुठळ्या मोडा. मंद आचेवर लाकडी चमच्याने तळ खरवडत ढवळा. बराच वेळ काही होत नाही आणि ६५-७० अंश सेल्सिअसच्या आसपास अचानक दाटतं. तिथे थांबू नका. दुधी रंग जाऊन खळीसारखं अर्धपारदर्शक होईपर्यंत आणखी तीन-चार मिनिटं शिजवा. सपाट ताटाला जाड प्लास्टिकचा कागद लावून त्यावर २-३ मिलिमीटर जाडीचा थर पसरा. सावलीत पंख्याखाली २४ ते ४८ तास ठेवा.

ज्या घरात कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या होतात तिथे मुलांना हे नवं नाही. गव्हाचा चीक शिजताना हाच बदल होतो. स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या साखळ्या बाहेर येऊन एकमेकींत अडकतात. वाळलेली पापडी आणि हे प्लास्टिक यांत फरक एकच. पापडी कडकन मोडते, हे वाकतं. तो फरक ग्लिसरीनचा. ग्लिसरीनचे छोटे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून बसतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. व्हिनेगर साखळ्यांच्या फांद्या थोड्या तोडतं, त्यामुळे थर जास्त एकसारखा येतो.

चार ताटल्या करा, ग्लिसरीन ०, २.५, ५ आणि १० मिली. बाकी सगळं सारखं. शून्याची ताटली वाळताना स्वतःच तडकते आणि तिचे काचेसारखे कपचे होतात. २.५ ची ताठ पण थोडी वाकते. ५ ची घडी घालता येते. १० ची कधीच पूर्ण वाळत नाही, बोटाला चिकटते.

बिघडतं ते इथे: उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आकसतो आणि कडा वर येतात (पापड्यांना ऊन चालतं, कारण त्या तळायच्या असतात, सपाट राहायची गरज नसते). जोरात फेटलं तर बुडबुडे राहतात आणि तिथून फाटतं. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात ५ मिलीची ताटलीही चिकट राहते, कारण ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं. तिकडे जुलैत ३ मिलीच घाला.

वाळलेल्या तुकड्यावर जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब (१ चमचा पाण्यात पातळ करून) टाका. निळा-काळा डाग पडला की स्टार्च नक्की. त्या औषधातलं पोव्हिडोन हेसुद्धा पॉलिमरच आहे, आयोडीन धरून ठेवून हळूहळू सोडणारं.

---

गोकर्ण

चिकवडीताई, कुरडईचं उदाहरण फार आवडलं. आता दुधाच्या प्लास्टिकबद्दल कोणी सांगेल का? आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. त्याचा भुगा होतो, बटण होत नाही.

---

खटपट

म्हशीच्या दुधामुळेच होतंय. भरपूर साय असलेल्या दुधात ६ टक्के किंवा जास्त स्निग्धांश असतो. केसीन नावाचं प्रथिन एकमेकांना धरायला जातं आणि मधे तुपाचे थेंब येतात. पिशवीचं डबल टोन्ड दूध (१.५ टक्के स्निग्धांश) घ्या, मलईविरहित मिळालं तर त्याहून चांगलं. म्हशीचंच वापरायचं तर तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि साय पूर्ण काढा, दोनदा.

कृती: दूध २०० मिली, ६० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर वाफ दिसू लागते पण कडेला बुडबुडे नाहीत, ती अवस्था. आच बंद. व्हिनेगर २० मिली घालून हळूच चार-पाच वेळा ढवळा आणि तीन मिनिटं हात लावू नका. पिवळसर निवळी वेगळी झाली पाहिजे. पांढरट राहिली तर आणखी ५ मिली व्हिनेगर. पीएच ४.६ च्या आसपास केसीन पाण्यात राहूच शकत नाही, ते बाहेर पडतं. दूध खळखळून उकळलं तर निवळीतली प्रथिनंही केसीनबरोबर येतात आणि पनीर तयार होतं. खायला चांगलं, बटणाला नाही.

मलमलच्या फडक्यात गाळा आणि गार पाण्याखाली दोनदा धुवा. हे धुणं बहुतेक जण गाळतात. दुधातली साखर आत राहिली की तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि तुकडा पिवळा पडतो. घट्ट पिळा, जुन्या टॉवेलमध्ये दाबून कोरडं करा, दोन मिनिटं कणकेसारखं मळा. थापून ५ मिलिमीटर जाडी ठेवा, बाटलीच्या झाकणाने गोल कापा, काडीने दोन भोकं पाडा. अर्धा तास उशीर केला तरी कडा चिरतात, म्हणून हे लगेच करायचं. दोन कागदांमध्ये ठेवून वर एक हलकं पुस्तक, बारा तास. मग उघड्यावर तीन-चार दिवस. आकार बराच आकसतो, भोकं थोडी मोठीच ठेवा.

असंच केसीन फॉर्मल्डिहाइडमध्ये मुरवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीत गॅलॅलिथ तयार झालं. बटणं, कंगवे, पेनं त्याची होत. फॉर्मल्डिहाइड म्हणजे पुन्हा गाठ मारणारा. तो विषारी आहे, घरात आणायचा नाही. त्यामुळे आपलं बटण पाण्यात टाकलं की मऊ पडणार. मुलांना ते आधीच सांगा आणि एक बटण मुद्दाम पाण्यात टाकून तासातासाने बघा.

उरलेल्या चोथ्यातून एक चमचा बाजूला काढा. त्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा कोमट पाणी घालून घोटा. फेस बसला की गोंद तयार, कागद चांगला चिकटतो. आम्लाने जे बाहेर पडलं ते सोड्याने परत पाण्यात मिसळलं. वर परीक्षानळींनी स्लाइमचं जे आम्ल-सोडा केलं, त्याचा हा जवळचा नातेवाईक.

---

अमीबा

डायपरमधली पूड. नवीन डायपरचा मधला जाड भाग कापून झिपच्या पिशवीत घाला, तोंड बंद करून दोन मिनिटं हलवा, कापूस काढून टाका. तळाशी साखरेसारखे दाणे राहतात. हे सोडियम पॉलिॲक्रिलेट. हे सगळं पिशवीतच करायचं, कारण धूळ नाकात गेली तर तिथेच फुगते. पंखा बंद, नाकाला रुमाल.

तीन पारदर्शक पेले, प्रत्येकात १ ग्रॅम पूड. एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात नळाचं किंवा बोअरचं, तिसऱ्यात १ टक्का मिठाचं (१०० मिलीत १ ग्रॅम). १०-१० मिली घालत जा, एक मिनिट थांबा, पेला तिरका करून पाणी वाहतं का बघा. वाहू लागलं की तिथे आकडा लिहा. आरओच्या पेल्यात आकडा शंभराच्या पुढे सहज जातो, मिठाच्या पेल्यात पन्नाशीच्या आसपासच अडकतो. बोअरचं पाणी मधे कुठेतरी, जितकं जड तितकं कमी. म्हणजे हा घरच्या पाण्याचा जडपणा मापायचा एक ढोबळ मार्गही झाला. गावागावांतल्या मुलांनी आपापले आकडे इथे टाकले तर छान तक्ता होईल.

शेवटी आरओच्या घट्ट जेलवर अर्धा चमचा मीठ टाका. डोळ्यांदेखत पाणी सुटतं. साखळीवर ऋण भार असतात, ते एकमेकांना ढकलतात आणि आत पाणी ओढलं जातं. बाहेर मीठ वाढलं की ती ओढ संपते. साखर टाकून तुलना करा, तसं होत नाही.

जेल बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, नळी तुंबते. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. फुलदाणीत घालायचे रंगीत जेलचे मणी याच जातीचे असतात. घरात रांगतं बाळ असेल तर ते मणी आणूच नका. गिळला तर आतड्यात फुगतो आणि एक्स-रेमध्ये सहज दिसत नाही.

---

दूरदेशी

थर्माकोल ॲसिटोनमध्ये विरघळवणं राहिलं. नेलपॉलिश रिमूव्हरच्या कपभरात मोठा ठोकळा मावतो, मुलांना फार आवडतं.

---

मापचमचा

तो मी यादीत घेणार नाही. ॲसिटोनची वाफ लांबून पेट घेते, आणि आपल्या घरांत समई, उदबत्ती, गॅसची शेगडी जवळच असते. शिवाय आजकालच्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये ॲसिटोन नसतंच, मग थर्माकोल ढिम्म हलत नाही.

तेच तत्त्व संत्र्याच्या सालीने दाखवता येतं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्या. ताजी साल बाहेरची बाजू थर्माकोलकडे करून दुमडा आणि चिमटीत दाबा. बारीक तुषार उडतात आणि जिथे पडतात तिथे खळगे पडत जातात. सालीतल्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनला, म्हणजे थर्माकोल ज्याचा असतो त्या पॉलिमरला, विरघळवतं. घट्ट फुगवलेल्या फुग्यावर तेच तुषार सोडले तर फुगा फुटतो. सगळेच फुटत नाहीत, फुग्याच्या रबरावर अवलंबून आहे. दुधाच्या पिशवीवर काहीच होत नाही, कारण पॉलिथिन या तेलाला दाद देत नाही. एकच तेल, तीन पॉलिमर, तीन निकाल. नागपुरी संत्र्याची साल ताजी असताना उत्तम, दोन दिवसांची सुकलेली चालत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, तेल फार झोंबतं. हाही प्रयोग ज्योतीजवळ नको, तुषार पेटतात.

---

दूरदेशी

पटलं. माझा प्रतिसाद मागे घेतो.

---

परीक्षानळी

एक भर माझीही, सोडियम अल्जिनेट. समुद्री शेवाळापासून मिळतं, केकचं सामान विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत असतं. १ ग्रॅम, आरओचं पाणी १०० मिली, हँड ब्लेंडरने एक मिनिट, मग रात्रभर फ्रिजमध्ये म्हणजे बुडबुडे जातात. बोअरच्या पाण्यात करू नका, त्यातल्या कॅल्शियमने आधीच गुठळ्या होतात. चायना ग्रास म्हणजे अगार, ते इथे चालत नाही.

गाठ मारायला कॅल्शियम लागतं आणि ते घरी करता येतं. एका अंड्याचं टरफल धुऊन, आतला पापुद्रा काढून, चुरून १०० मिली व्हिनेगरमध्ये घाला. दोन दिवस ठेवा, झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो. थोडं टरफल शिल्लक राहून फसफसणं थांबलं म्हणजे बहुतेक आम्ल संपलं आणि कॅल्शियम ॲसिटेटचं द्रावण उरलं. गाळून घ्या. फळ्याचा खडू घेऊ नका, तो बहुधा जिप्समचा असतो आणि व्हिनेगरमध्ये ढिम्म राहतो.

अल्जिनेटमध्ये खायचा रंग घालून सिरिंजने या कॅल्शियमच्या द्रावणात थेंब सोडा. थेंब पडताक्षणी त्याला कातडी येते. अर्ध्या मिनिटात काढून कापला तर आत पातळ असतं, दहा मिनिटांनी कापला तर आतपर्यंत घट्ट. कॅल्शियम बाहेरून आत सरकत जातं ते असं कापून दिसतं. सिरिंज न थांबवता दाबली तर शेवई निघते. या प्रकाराने केलेले मणी खायचे नाहीत.

---

गोकर्ण

सगळे प्रयोग लिहून घेतले. शेवटचा प्रश्न: स्लाइम सतरंजीत रुतून बसला तर? आणि किती दिवस टिकतो?

---

परीक्षानळी

हवाबंद डबीत आठवडा-दोन आठवडे. आंबूस वास आला, ठिपके दिसले किंवा पाणी सुटून कडक झाला की सुक्या कचऱ्यात टाका. नळीत नाही.

सतरंजीसाठी: मोठा भाग बोथट सुरीने खरवडून काढा. डागावर व्हिनेगर ओता, दहा मिनिटं ठेवा. रंग उतरतो का ते आधी कोपऱ्यात तपासा. आपण वाटीत केलं तेच इथे होतं, गाठी सुटून परत पातळ गोंद होतो. मग कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. हळदीचा डाग साबणाने लाल होईल, घाबरू नका, अल्कधर्मी झाल्यामुळे तसं दिसतं. पाण्याने खळबळून उन्हात टाका, हळद उन्हात उडते. केसांत अडकला असेल तर व्हिनेगर डोळ्यांत जाऊ शकतं, तिथे खोबरेल चोळून कंगव्याने सोडवा. पूर्ण वाळून कडक झालेला असेल तर आधी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास वर ठेवा.